निळ्या माश्यांचा माग

"हलव! हलव! थांबू नकोस!" ताई ओरडली.

"हलवतेय की! माझा हात गळून पडला, तर तेवढा उचलून ठेव!" असं म्हणत शेंडेफळाने हातातला पुठ्ठा आणखी जोरात हलवायला सुरुवात केली.

सुट्टीचा तिसरा दिवस होता, आणि मामाच्या पागेत आलेली ही तीन भावंडं सकाळपासून एका शिंगराला वारा घालत होती. ताई चौदा वर्षांची, म्हणजे आपोआपच पुढारी. शेंडेफळ तिची धाकटी बहीण, वय वर्षे दहा, आवाज मात्र दहा जणींचा. आणि तिसरा त्यांचा मावसभाऊ. त्याच्या खिशात सदैव भिंग असायचं आणि तोंडात सदैव प्रश्न, म्हणून सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे.

शिंगरू होतं दीड महिन्याचं. तांबूस अंग, काड्यांसारखे पाय आणि कपाळावर पांढरी चांदणी. पण त्याचा डावा डोळा सुजून अर्धा मिटला होता. डोळ्यातून पाणी गळत होतं आणि त्या पाण्याभोवती माश्यांचं काळं कडं बसलं होतं. पुठ्ठा हलला की त्या उठायच्या, थांबला की परत हजर! शिंगरू डोकं झटकून झटकून दमलं होतं. त्याची आई, तांबडी, शेपटीने सपासप वार करत होती, पण माश्यांना त्याचं काय!

डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसून शिंगराच्या डोळ्यात औषध घालत होत्या. त्यांनी मान हलवली.

"मी एक थेंब घालते आणि पाठ वळली की दहा माश्या त्यावर घाण आणून ठेवतात. हा पांढरा ठिपका दिसतोय? काल तिळाएवढा होता. तो बुबुळाच्या मधोमध आला, की या डोळ्याने त्याला कधीच दिसणार नाही."

"किती दिवस आहेत?" ताईने विचारलं.

"आठवडा. फार तर."

"त्याला जाळीचा मुखवटा बांधला तर?" प्रोफेसर म्हणाला.

"बांधला होता. त्याच्या आईने दातांनी ओढून काढला. दोनदा!"

एवढ्यात मामा हातात फवाऱ्याची बाटली घेऊन आला. मामा म्हणजे पागेचा कारभारी. सदा घाईत, आणि कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं, 'नंतर बघू!'

"डॉक्टर, काळजी सोडा! शनिवारी फवारणीवाला येतोय. असं कडक औषध मागवलंय, की माशी औषधालाही उरणार नाही!"

"आधी दोनदा मारलंत ना? कमी झाल्या?"

"झाल्या की! दोन दिवस!"

"आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट." डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलली. "ते कडक औषध या एवढ्याशा जिवाला सोसायचं नाही. माश्या आभाळातून पडत नाहीत हो. कुठेतरी ओलं, कुजकं काहीतरी आहे, तिथे त्या जन्मतायत. ते शोधा."

"माझी पागा आरशासारखी लख्ख आहे!" मामा फणकारला.

आणि खरंच, पागा लख्ख होती! अकरा ठाणं, म्हणजे घोड्यांच्या अकरा खोल्या, ओळीने उभ्या होत्या. रोज सकाळी लीद उचलली जायची, ओलं गवत निघायचं, फरशी धुतली जायची. दाण्याच्या पिंपांना घट्ट झाकणं होती. मग माशी शिंकली कुठे?

"आपण शोधायचं," ताई म्हणाली.

"शनिवारच्या आत!" शेंडेफळ म्हणालं.

प्रोफेसर मात्र तांबडीच्या पोटाकडे टक लावून बघत होता. माशी बसली की तेवढीच, बशीएवढी कातडी थरथरायची, आणि बाकीचं सगळं अंग शांत! माशी पुढे सरकली की थरथरही पुढे सरकायची.

"एवढं मोठं जनावर," तो हळूच म्हणाला, "आणि माशीचे सहा पाय नेमके कुठे टेकले, हे त्याला कळतं!"

तिघंही बघत राहिली. पुठ्ठा हलवायचंसुद्धा विसरली!

* * *

पहिला संशय अर्थातच लिदीच्या ढिगावर गेला. ढीग पागेपासून लांब, उताराच्या तळाशी होता. तिथे आजोबा दाताळ्याने तो खालवर करत होते.

आजोबांनी आयुष्यभर लोकांना घोड्यावर बसायला शिकवलं होतं. पूर्वी त्यांचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जायचा. पण दोन महिन्यांपूर्वी त्यांचा लाडका घोडा, शिलेदार, म्हातारा होऊन गेला. तेव्हापासून आजोबा मोजकंच बोलायचे. तांबडीचं शिंगरू शिलेदाराचंच, त्याच्यामागे पंधरा दिवसांनी जन्मलेलं. पण आजोबा अजून एकदाही त्याच्याजवळ गेले नव्हते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नव्हतं.

"आजोबा, माश्या इथे होतात का?" ताईने विचारलं.

आजोबांनी ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसली. "हात लाव. जपून."

शेंडेफळाने बोट लावलं आणि टुणकन उडी मारली. "आई गं! ही तर चुलीतून काढल्यासारखी आहे!"

"विस्तव नाही, काही नाही! एवढी गरम कशी?" प्रोफेसरचे डोळे विस्फारले.

"कुजताना लीद आतून तापते. डोळ्यांना न दिसणारे जीव राबत असतात तिथे. कडेची लीद मी आत ढकलत राहतो, म्हणून इथे एकही अळी जगत नाही." आजोबांनी दाताळं पुन्हा उचललं. एवढं बोलले हेच खूप होतं.

म्हणजे ढीग निर्दोष! मग मुलांनी गटार पाहिलं, चाऱ्याची खोली पाहिली, खोगिरांची खोली पाहिली. शेंडेफळ तर पाण्याच्या टाकीखाली सरपटत गेलं आणि कोळ्यांची जाळी केसांत माळून बाहेर आलं. हाती काहीच लागलं नाही.

संध्याकाळी तिघं पायरीवर बसली होती. प्रोफेसरच्या गुडघ्यावर एक माशी येऊन पाय चोळत बसली.

"तूच सांग बाई, तुझं घर कुठे ते!" शेंडेफळ वैतागून म्हणालं.

प्रोफेसर ताडकन उठला. "अरे! हीच सांगेल की! माशी अंडी घालायला ओल्या जागी जाणारच. आपण फक्त तिच्या मागे जायचं!"

"सगळ्या माश्या सारख्या दिसतात, हुशार! मागे जाणार कुणाच्या?" ताई म्हणाली.

"म्हणून तर त्यांना रंगवायचं!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी चार बाटल्यांत साखरेचं पाणी ठेवून माश्या पकडल्या. मग निळा खडू कुटून त्याची मऊ पूड केली, चिमूट चिमूट बाटलीत टाकली आणि बाटली हळूच गोल फिरवली.

"गुदमरतील ना त्या!" शेंडेफळाला एकाएकी दया आली.

"काल तर चपलेने मारत होतीस!" प्रोफेसर म्हणाला.

"काल त्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या!"

बाटल्या उघडल्या आणि शे-दीडशे निळ्या माश्या भुर्रकन उडाल्या. उन्हात क्षणभर निळा धूर उठला. तिघं तीन जागी पहाऱ्याला बसली. ताई पागेच्या दारात, प्रोफेसर गटारापाशी आणि शेंडेफळ ठाणांच्या ओळीच्या टोकाला.

एक तास गेला, दोन तास गेले. मामा येताजाता चिडवत होता, "काय, माश्यांची हजेरी घेताय का? कोण कोण गैरहजर?"

आणि मग शेंडेफळाची आरोळी आली. "निळी! निळी! आत गेली!"

दोघं धावली. शेंडेफळ नऊ नंबरच्या ठाणासमोर उभं होतं आणि त्याचं बोट दाराच्या फळीकडे होतं. फळीतली एक गाठ निसटून तिथे अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं.

"या भोकातून! मी बघितली! आणि ती बघ दुसरी!"

दुसरी निळी माशी भोकाच्या कडेवर बसली, पाय चोळले आणि आत शिरली. मागून तिसरी आली. प्रोफेसरने भोकाला नाक लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

ताईने मात्र दोघांना मागे ओढलं. कारण नऊ नंबर म्हणजे शिलेदाराचं ठाण! दारावर त्याच्या नावाची पाटी होती आणि कडीला कुलूप होतं.

या पागेची एक रीत होती. घोडा गेला, की त्याचं ठाण तीन महिने बंद ठेवायचं. आतलं गवतसुद्धा हलवायचं नाही, जसं होतं तसंच ठेवायचं. ही रीत आजोबांच्या वडिलांनी घालून दिली होती. आजवर कुणी ती मोडली नव्हती. किल्ली आजोबांच्या कमरेला असायची.

"मामाला सांगू या," ताई म्हणाली.

मामाने ऐकून घेतलं आणि हसत सुटला. "नऊ नंबरमध्ये? अरे, तिथे गेल्या दोन महिन्यांत कुणी पाऊल टाकलेलं नाही! घोडा नाही, लीद नाही, माश्या काय हवा खाऊन जगतात? आणि बाबांकडे किल्ली मागायची नाही हं! आधीच त्यांचं मन थाऱ्यावर नाही."

ताईने क्षणभर विचार केला. दार उघडायचं नाही, किल्ली मागायची नाही. मग दार न उघडता आतली गोष्ट बाहेर आणली तर?

"मामा, पैज लाव! या भोकावर आम्ही काचेची बरणी उपडी लावतो. आत अंधार आहे आणि बरणीत उजेड. आत माश्या जन्मत असतील तर उजेडाकडे येतील. जेवणाच्या वेळेपर्यंत बरणीत वीस माश्या आल्या नाहीत, तर सुट्टीभर पागेची लिदीची ढकलगाडी आम्ही धुवू!"

"आणि आल्या तर?"

"तर तू धुवायची! महिनाभर! आणि फवारणी रद्द!"

"मंजूर!" मामाने टाळी दिली. पैजेत मामा कधी मागे हटायचा नाही, आणि हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

बरणीचं तोंड भोकावर टेकवून त्यांनी कडेने चिकटपट्टी लावली. पाच मिनिटांत एक माशी आली. दहा मिनिटांत सात. शेंडेफळ मोठ्याने मोजत होतं. चौतीसच्या पुढे त्याचा हिशेब चुकला, आणि मग मोजायची गरजच उरली नाही. जेवायची हाक आली तेव्हा बरणी काळीभोर झाली होती आणि तिच्यातून घूं घूं आवाज येत होता.

मामा आला आणि बघतच राहिला.

"आणि ह्या?" प्रोफेसर भिंग लावून पुटपुटला. "ही धूळ... ही धूळ चालतेय!"

बरणीच्या तळाशी बारीक ठिपके फिरत होते, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला सहा पाय, नाजूक वाकड्या मिशा आणि चार पारदर्शक पंख! अंग काळंभोर, आणि उन्हात हिरवी झाक मारणारं.

"काय चाललंय इथे?"

सगळे दचकले. मागे आजोबा उभे होते. त्यांची नजर दारावर चिकटवलेल्या बरणीवर होती.

मामा लगेच म्हणाला, "बाबा, मुलं खेळतायत, मी आत्ताच काढायला सांगतो..."

"आम्ही खेळत नाही," ताई म्हणाली. ती आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, शिंगराच्या डोळ्यावर बसणाऱ्या माश्या इथे जन्मतायत. शिलेदाराच्या ठाणात. आणखी पाच-सहा दिवसांत त्याचा डोळा जाईल. तुम्हाला वाईट वाटेल हे आम्हाला माहीत आहे. पण ते त्याचंच पिल्लू आहे ना!"

बरणी घूं घूं करत होती. आजोबांनी त्या काळ्या बरणीकडे पाहिलं, मग पलीकडच्या दहा नंबरमधल्या शिंगराकडे पाहिलं. अगदी पहिल्यांदाच. शिंगरू दुखरा डोळा आईच्या अंगावर घासत होतं.

आजोबांचा हात कमरेकडे गेला. त्यांनी किल्ली सोडवली आणि कुलपाला लावली.

* * *

दार उघडलं आणि ऊबदार, आंबूस वाफ तोंडावर आली. शिलेदार आजारी असताना शेवटचे काही दिवस तो आडवाच पडून होता, म्हणून त्याच्याखाली गवताचा जाड थर घातला होता. तो थर तसाच होता. पण कोरडा नव्हता!

"हे ओलं कसं?" आजोबा म्हणाले.

प्रोफेसरने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या तळाच्या फटीतून पाण्याची बारीक धार झिरपत होती. भिंतीपलीकडे तांबडीचं पाण्याचं टाकं होतं. टाकं भरलं की नळ बंद करणारा त्याचा तरंगता गोळा अडकला होता आणि टाकं दिवसरात्र हळूच वाहत होतं.

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"मी... मी तो नंतर बघणार होतो," मामा म्हणाला, आणि त्याने कपाळाला हात लावला.

आजोबांनी दाताळ्याने वरचा थर उचलला आणि मुलं पुढे वाकली. खालचं गवत हलत होतं! हजारो, लाखो पांढऱ्या अळ्या एकमेकींवरून वळवळत होत्या, आणि कान दिला तर पावसाच्या भुरभुरीसारखा आवाज येत होता. शेंडेफळ किंचाळणार होतं, पण किंचाळायचं राहूनच गेलं.

"एवढं सगळं," ते कुजबुजलं, "एका बंद दाराआड चाललं होतं? आपल्याला न कळता?"

कडेच्या कोरड्या गवतात तांबूस दाणे पसरले होते. "हे कोश आहेत," प्रोफेसर म्हणाला. "अळीची माशी होते ती याच्या आत. हा बघा, याचं टोक फुटलंय, माशी बाहेर पडली. पण याला टोकाला नाही, बाजूला भोक आहे! सुईने पाडल्यासारखं!"

त्याने भोक नसलेला एक कोश तळहातावर ठेवून भिंग धरलं. आतून कुणीतरी कुरतडत होतं. आधी एक टिंब उमटलं, टिंबाचं छिद्र झालं, छिद्रातून वाकड्या मिशा बाहेर आल्या. मग एक डोकं, मग सहा पाय. मघाचा तो इवलासा काळा जीव बाहेर आला, पंख पसरून तळहातावर दोन पावलं चालला आणि दिसेनासा झाला. माशीच्या कोशातून माशी आलीच नव्हती!

आजोबासुद्धा भिंगावर वाकले होते.

बोलावणं गेल्यावर तासाभरात आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते कोडं सोडवलं. "ही गांधीलमाशीची चुलत बहीण समजा. ही कुणालाही चावत नाही. माशीचा कोश शोधते आणि त्यात आपलं अंडं घालते. आतलं पिल्लू माशीला खाऊन मोठं होतं. तुमच्या पागेत ही फौज कधीपासून फुकट राबतेय!"

"मग एवढ्या माश्या कशा?" ताईने विचारलं.

"एक तर एवढी ओल. आणि दुसरं म्हणजे..." त्यांनी मामाकडे पाहिलं. "फवारा! त्याने माश्या थोड्या मरतात आणि ही फौज जवळजवळ सगळी मरते. माश्या आठवड्यात भरून निघतात, हिला वेळ लागतो."

"म्हणजे मी आपल्याच सैन्यावर तोफा डागल्या!" मामा म्हणाला आणि खाली बसला. त्याने त्याच बैठकीत फवारणीवाल्याला फोन लावून शनिवारची फवारणी रद्द केली.

मग जे काम सुरू झालं ते दोन दिवस चाललं. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली. ओलं गवत गाड्या भरभरून उन्हात नेलं आणि पातळ पसरलं. कोरडं पडताच अळ्या मेल्या, आणि उरलेल्या टिपायला पाखरांचे थवेच्या थवे उतरले. कोरड्या कडेचे कोश मुलांनी डब्यात भरले आणि डब्याच्या तोंडाला अशी बारीक जाळी बांधली, की माशी आतच राहील आणि इवलीशी फौज तेवढी बाहेर पडेल. मामाने टाक्याचा गोळा बदलला. 'नंतर' नाही, लगेच! भिंतीची फट आजोबांनी स्वतः बुजवली.

पहिले चार दिवस फरक दिसेना, आणि तिघांनी आळीपाळीने पुठ्ठा हलवला. पाचव्या दिवशी माश्या मोजता येऊ लागल्या. सातव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी शिंगराच्या डोळ्यात बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ पाहिलं. शेंडेफळाने ताईचा हात इतका घट्ट धरला, की ताईची बोटं पांढरी पडली.

"ठिपका आक्रसलाय," त्या म्हणाल्या. "डोळा वाचला! औषधाने नाही हं, या तीन पोरांनी वाचवला. मी इतकी वर्षं घोडे तपासतेय, पण माशीला निळा रंग लावून तिच्या घरी जाणारी माणसं पहिल्यांदाच पाहिली!"

"माझ्या बहिणींची पोरं आहेत!" बाहेरून मामा अभिमानाने ओरडला. तो ढकलगाडी धूत होता.

आजोबा नऊ नंबरच्या दारापाशी गेले. ठाण आता धुऊन, वाळवून स्वच्छ झालं होतं, कोरडं गवत अंथरलं होतं. त्यांनी दार सताड उघडलं, तांबडीला आत आणलं आणि तिच्यामागून शिंगरू उड्या मारत आत आलं.

आजोबा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले. शिंगराने त्यांच्या मिशा हुंगल्या आणि दोन्ही डोळे टक्क उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला वाटत होतं, त्याचं जे काही उरलंय ते या कुलपाआड आहे," आजोबा म्हणाले. "आणि हे इथे, भिंतीपलीकडे, माझी वाट बघत होतं." त्यांनी मुलांना जवळ ओढलं. "यापुढे या पागेची रीत बदलली. घोडा गेला की त्याचं ठाण त्याच दिवशी स्वच्छ करायचं. रीत मोडायला मला सांगितलंत, धाडस लागतं त्याला, ताई. शाबास!"

"आजोबा, पाटीचं काय करायचं?" शेंडेफळाने विचारलं. "शिलेदाराची काढायची?"

"छे! राहू दे. तिच्याखाली दुसरी लावू." आजोबांनी खिशातून खडूचा उरलेला निळा तुकडा काढला. तो त्यांनी केव्हा उचलला होता, कुणास ठाऊक! "याला अजून नावच नाही. तुम्ही तिघांनी ठरवा. मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे त्याला दोन्ही डोळ्यांनी वाचता येईल!"

दोन महिन्यांत पहिल्यांदाच आजोबा हसले होते, आणि त्यांचा आवाज पार मैदानाच्या टोकापर्यंत गेला.